चार वाक्यांचा सोबती

१

गेम भिकार होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे लहानपणीच्या आठवणी वगैरे समजून कुणी गहिवरायला नको.

तो घरी आला तेव्हा दादा सातवीत होता आणि मी दुसरीत. ज्या सिनेमावरून तो काढला होता, तो आम्ही दोघांनी तीनदा बघितलेला. बर्फाच्या ग्रहावर उतरलेली सैनिकांची एक तुकडी आणि त्यातल्या दोन मित्रांची गोष्ट. दुसरा मित्र मरतो तेव्हा दादा रडला होता. आता विचारा, नाही म्हणेल. गेमच्या डब्यावर तो ग्रह छापला होता. गेममध्ये ग्रह नव्हताच. फक्त जहाजातले बोळ होते. अकरा टप्पे, आणि अकराही टप्प्यांत तोच बोळ, कधी करडा, कधी हिरवट. बंदुकीचा आवाज स्टेपलरसारखा. शत्रूंना मिळून दोन चेहरे, आणि मेले की ते अर्धे भिंतीत रुतून पाय झाडत राहायचे.

तो जिवलग मित्र मात्र गेममध्ये होता. आपण पुढे, तो मागे. बनवणाऱ्यांनी त्याला चारच वाक्यं दिली होती. मराठीत आणायची तर, ‘मी मागेच आहे.’ ‘तू म्हणशील तसं.’ ‘बरोबर आहे तुझं.’ आणि ‘चल, उशीर होतोय.’ काहीही झालं तरी यांतलंच एक. तुम्ही त्याच्यावर गोळी झाडलीत तरी तो म्हणायचा, ‘बरोबर आहे तुझं.’ आम्ही त्याला शेपूट म्हणायचो.

तिसऱ्या टप्प्यात एक जाड लोखंडी दार होतं. आपण पार झालो की ते मिटायचं आणि शेपूट चौकटीत अडकायचा. तिथेच उभा राहून चालायचा. पाय हलतायत, माणूस जागच्या जागी. पुढे एक बटण त्यानेच दाबायचं होतं, त्याच्याशिवाय चौथा टप्पा उघडत नसे. म्हणजे दुकानात विकलेला गेम पूर्ण करताच येत नव्हता. आणि हे लोक कॉलेजात शिकलेले असणार.

त्यावर उपाय दादाने शोधला. एक सहा अक्षरी शब्द टाईप केला की भिंती नुसत्या दिसायच्या, अडवायच्या नाहीत. शेपूट दारातून आरपार यायचा. मग तोच शब्द पुन्हा टाईप करून भिंती बंद करायच्या. हा दादाचा नियम. “भिंती बंद केल्याशिवाय उठायचं नाही.” मी हसलो तर टपली मारायचा. नियम म्हटला की तो पाळणार, असला प्राणी. आता तो पूल तपासतो. त्याची सही झाली की त्यावरून गाड्या जातात.

२

मी बावीस वर्षांचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात, परीक्षेच्या तिसऱ्या पेपराला, उत्तरपत्रिकेवर नंबर लिहून उठलो तो थेट घरी आलो. त्याला आठ महिने झाले. मला ते शिकायचंच नव्हतं, हे बारावीनंतर मी बाबांना चार वेळा सांगितलं होतं. बाबा जमीन मोजणीच्या खात्यात होते. आयुष्यभर लोकांच्या हद्दी आखल्या, त्यामुळे माझीही आखायचा आपल्याला अधिकार आहे असं त्यांना वाटतं.

कॉलेज सोडल्यावर त्यांनी माझा लॅपटॉप मेरिटवाल्या मावसभावाला देऊन टाकला. “त्याच्या कामी येईल.” माझ्याकडे उरला दादाच्या वेळचा कॉम्प्युटर, ज्याच्यावर आता फक्त हा एक गेम चालतो.

आमच्याकडे सकाळ अशी जाते. दहाला बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर घेऊन बसतात. आईला दुपारी डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायचं असतं, तोवर ती तिथेच काहीतरी निवडत, चिरत असते. माझी खोली भिंतीपलीकडे. भिंत चार इंचाची, हे बाबांनीच मोजून सांगितलेलं, आणि तिचा ते पुरेपूर वापर करतात. दादाला फोन लावतात आणि मला ऐकू जाईल अशा बेताने त्याचा उदोउदो करतात. “तू आहेस म्हणून रे,” म्हणतात. आई मूग गिळून ऐकते. मला कधीकधी वाटतं, मी मेलो तर हे आधी दादाला विचारतील, तुला सुट्टी मिळेल ना.

ते ऐकू येऊ नये म्हणून मी गेम लावायचो. बस, एवढंच कारण.

त्या दिवशी मी तिसऱ्या टप्प्यावर होतो. शब्द टाईप केला, भिंती उघडल्या. शेपूट दारातून आरपार येत होता, अर्धा आला होता, तेवढ्यात बाबा आत आले.

“काय चाललंय?”

“दिसतंय ना.”

“मी तुला विचारलं.”

“खेळतोय.”

“बावीस वर्षांचा घोडा झालास.”

“घोडे खेळत नाहीत, बाबा. घोडे जुंपतात.”

त्यांनी वाकून भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. ते गेले, आणि मला एवढंच सुचलं की भिंती उघड्या राहिल्या. फाईल गेली असणार. पुन्हा पहिल्यापासून.

३

फाईल गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दहा वाजता लावला तर बरोबर त्याच दारापाशी सुरू झाला. शेपूट नव्हता. मी मागे वळून बघितलं, बोळ धुंडाळला, कुठेच नाही. गंमत म्हणजे चौथ्या टप्प्याचं दार उघडं होतं. त्याने दाबायचं ते बटण दाबलेलं होतं.

मी खूश झालो. ब्याद गेली. एकटाच पुढे निघालो.

अर्ध्या तासाने लक्षात आलं की भिंतीपलीकडून टोमणे येत नाहीयेत. मग हसू ऐकू आलं. बाबांचं. माझे बाबा हसले की घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज येतो. आठ महिन्यांत तो ऐकला नव्हता, त्यामुळे ओळखायला क्षणभर लागला. म्हटलं, दादाचा फोन असणार.

गेम बंद करून पाणी प्यायला गेलो. टेबलावर तीन कप होते. तिसरी खुर्ची जरा मागे सरकलेली.

“कोण आलं होतं?” मी विचारलं.

आई भाजी निवडत होती. तिने वर बघितलं, मग कपाकडे. “अजून हवाय का चहा? आत्ताच तर घेतलास.”

“मी?”

“नाही, मी,” बाबा म्हणाले. पण चिडून नाही. त्यांनी पेपरचं आतलं पान काढून माझ्यापुढे सरकवलं. “घे. बोललो ना, ते इथं आलंय.”

पानावर जुन्या नकाशांच्या प्रदर्शनाची बातमी होती. मी ती वाचली. त्यांच्याशी नकाशांबद्दल मी जन्मात बोललो नव्हतो.

४

आता कुणीही म्हणेल ते मीही म्हटलं. हा टोमण्याचा नवा प्रकार आहे. बाबा एकदा मला सहा दिवस “अहो, साहेब” म्हणत होते, त्यांच्यासाठी हे अवघड नाही. पण आई त्यात सामील होणार नाही. आईला खोटं बोलता येत नाही, ती दवाखान्यात पेशंटला “डॉक्टर येतीलच” एवढंसुद्धा धड सांगू शकत नाही.

मग म्हटलं, मीच बाहेर जाऊन बसत असेन आणि विसरत असेन. माणसाचं डोकं बिघडतं, त्यात काय. म्हणून तपासून पाहिलं. दोन दिवस गेमला हात लावला नाही. दोन्ही दिवस भिंतीपलीकडे तेच जुनं. दुसऱ्या दिवशी जेवताना मी भात उष्टा टाकला तर आई म्हणाली, “काय होतं रे तुला मधेच? परवा किती शहाण्यासारखा वागला होतास.”

“काय बोललो मी परवा?”

“बोलायला कशाला हवं. ऐकत होतास.”

तिसऱ्या दिवशी खेळलो. दहा मिनिटांत पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

त्याच दुपारी दादाचा फोन, आणि तो मला. दादा मला वर्षातून दोनदा फोन करतो, एकदा वाढदिवसाला आणि एकदा आईने सांगितलं म्हणून.

“काय रे, एकदम मोठा झालास,” तो म्हणाला.

“का? काय झालं?”

“सकाळी बाबांनी फोन तुझ्याकडे दिला तेव्हा मला वाटलं, आता भांडण. तर तू चक्क अर्धा तास ऐकून घेतलंस. मी साइटवरचं सगळं रडगाणं गायलो आणि तू म्हणालास, ‘बरोबर आहे तुझं.’ तुझ्या तोंडून. मला घाम फुटला.”

“अजून काय म्हणालो?”

“अजून काही नाही. म्हणूनच तर आवडलं.” तो हसला.

“दादा, तो बोळांचा गेम आठवतो? भिंती उघड्या ठेवून उठलं तर काय व्हायचं?”

साइटवर कुठेतरी पत्रे आपटल्याचा आवाज येत होता.

“उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मोठ्या भावाचं काहीच नव्हतं. मग फोन ठेवला.

५

मला एवढं कळलं की गेममध्ये मी चालत असेन तेवढाच वेळ पलीकडे तो असतो. मी थांबलो की पलीकडचं बोलणंही विरत जातं. म्हणून मी स्टेपलर घेतला आणि पुढे जायच्या कळीवर ठेवला. पडद्यावर एक सैनिक बोळाच्या टोकाला भिंतीला नाक लावून चालत राहिला. आणि मी इकडे भिंतीला कान लावला.

आई बोलत होती. लग्नाआधी तिला शहरात नोकरी लागली होती, आजोबांनी ते पत्र तिला दाखवलंच नाही, दोन वर्षांनी ट्रंकेत सापडलं. मला हे माहीत नव्हतं. बावीस वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं.

“कुणाला सांगितलं नाही रे कधी,” आई म्हणाली. “तुझ्या दादालाही नाही.”

“मी मागेच आहे,” तो म्हणाला.

आवाज माझा होता. माझ्यासारखा नव्हे. मला चार दिवस सर्दी होती, तर त्याच्या आवाजात ती सर्दीसुद्धा होती.

मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर दादावर जळलो, ते ठीक होतं. दादा निदान पहिला यायचा, घासून अभ्यास करायचा, त्याच्यावर जळण्यात काही तर्क होता. हा कोण? चार वाक्यांचं बाहुलं. बिनडोक माणसांनी घाईघाईत बनवलेलं, दारातून धड चालता न येणारं. आणि माझी आई त्याला ते सांगते जे मला सांगितलं नाही. का, तर तो म्हणतो, ‘मी मागेच आहे.’ मग मलाही सांगायचं होतंत, एवढंच हवंय म्हणून. मी पाठ केलं असतं.

नाही, खोटं कशाला बोलू. नसतं केलं.

त्यानंतर मी रोज कान लावून बसू लागलो. बाबा त्याला हद्दीच्या खुणांचे किस्से सांगायचे. कुठल्याशा दोन भावांच्या जमिनीत दगड रोज एक हात सरकायचा, ते ऐकून मी इकडे तोंड दाबून हसलो. तिकडे तो म्हणाला, “बरोबर आहे तुमचं.” हसण्याची जागा होती ती, मूर्खा. बाबांना मात्र चाललं. ते म्हणाले, “तुला कळतं बघ.” या वडीलधाऱ्या लोकांना मुलगा नकोच असतो. मान हवी असते, हलणारी.

६

गुरुवारी सकाळी पलीकडे नुसता कपात चमचा फिरत होता. मग बाबांनी घसा साफ केला.

“एक सांगायचंय तुला,” ते म्हणाले. “चुकलं माझं.”

“तुला नको होतं ते शिक्षण. चारदा सांगितलंस. मी ऐकलं नाही, कारण तुझा दादा ऐकत होता, तूही ऐकशील असं वाटलं. आणि ज्या दिवशी तू ते सोडून घरी आलास, त्या दिवशी मी तुला...”

“तुम्ही म्हणाल तसं,” तो म्हणाला.

मला पुढचं काही ऐकू आलं नाही, कारण मी उठून धावत होतो. बाबांचं ते ‘चुकलं माझं’ माझ्यासाठीचं होतं. आठ महिने, खरं तर चार वर्षं, मी त्या दोन शब्दांसाठी या घरात वाईट वागून दाखवत होतो. आणि ते त्या ठोकळ्याला दिले, ज्याला माफी आणि भाजीचा भाव यातला फरक कळत नाही.

धावताना स्टेपलर कळीवरच राहिला. म्हणूनच दिसलं असणार.

स्वयंपाकघराच्या चौकटीत कुणीतरी पाठमोरं उभं होतं. करडा टीशर्ट, जो माझ्या अंगावर होता. मानेवरचे केस माझ्यासारखेच वाढलेले. एक खांदा चौकटीला टेकला होता, टेकला नव्हे, चौकटीच्या लाकडात बोटभर आत गेला होता. आणि पाय चालत होते. हळू, एका तालात, जागच्या जागी. म्हणजे तो टेबलाशी कधी बसलाच नव्हता, खुर्ची नुसती त्याच्यासाठी ओढून ठेवत होते. पुढच्या खुर्चीवर बसलेल्या बाबांचे डोळे ओले होते आणि ते त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला चेहरा दिसला नाही. त्याने मान वळवायला सुरुवात केली, आणि वळवणं जिथे थांबायला हवं, तिथे थांबेना.

माझ्या खोलीत स्टेपलर खाली पडला.

चौकट रिकामी झाली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. परक्या घरात कुणी न विचारता शिरलं तर त्याच्याकडे बघतात तसं.

“बाबा, आत्ता काय म्हणालात?”

“कुणाला?”

“मला.”

“तुला काही म्हणालो नाही मी.”

“म्हणालात. चुकलं म्हणालात. परत म्हणा.”

बाबांनी डोळे पुसले आणि चष्मा लावला. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “जा. आत जाऊन बस.”

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती चौकटीच्या लाकडावर हात फिरवत होती.

७

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच आई माझ्या खोलीत आली. खाण्याची ताटली, पाण्याची बाटली. माझ्या खुर्चीवर तिने दिवाणखान्यातली चांगली गादी आणून ठेवली.

“हे काय?”

“बसून बसून पाठ दुखत असेल.”

“आई, तुला माहितेय?”

“काय?”

“तो मी नाहीये.”

तिने खिडकीचा पडदा नीट केला, मग पुन्हा नीट केला. “तुझ्याशी वाद घालून दमले रे मी,” ती म्हणाली. “आठ महिने. दोन घटका बरं वाटतं, तर त्यात काय बिघडलं?”

“आणि माझं काय?”

“तू काय,” आई म्हणाली, आणि खरोखरच विचार करत उभी राहिली. बाबा दाराशी आले होते. हातात त्यांचा तो पितळी मोजपट्टीचा डबा, उगाच, हातात काहीतरी हवं म्हणून.

“खेळ जरा,” बाबा म्हणाले. “आम्ही काही म्हणणार नाही.”

त्यांनी दार ओढून घेतलं. हळूच, आजारी माणसाच्या खोलीचं ओढतात तसं.

मी पडद्यासमोर बसलो. गेम पुसून टाकायला मला दोन मिनिटं लागली असती. पुसला की संपलं. मग या घरात तिघंच उरणार. ते दोघं आणि मी, आणि मी नुसता टेबलाशी जाऊन बसलो तरी ते दाराकडे बघत राहणार. पण खरं सांगतो, मी थांबलो त्याचं कारण हे नव्हतं. कालचं वाक्य अर्धं राहिलं होतं. ‘त्या दिवशी मी तुला...’ काय? ते मला बाबा सांगणार नाहीत. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना ते कधीच सांगता येणार नाही, आणि मला ऐकूनही घेता येणार नाही, मी मधेच काहीतरी लागट बोलेन. ते वाक्य फक्त भिंतीतून मिळणार होतं.

मी खुर्ची भिंतीला लावली, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि कळ दाबली. बोळ पुढे सरकू लागला.

पलीकडे खुर्ची ओढली गेली.

“आलास?” बाबा म्हणाले. त्या आवाजात मला कुणी कधी हाक मारलेली नाही.

“मी मागेच आहे.”

“काल राहिलं बघ सांगायचं.” कप ठेवल्याचा आवाज झाला. “तू ते सगळं सोडून आलास, त्या दिवशी मी तुला दारातच उभं केलं. बॅग हातात, घामाघूम झालेला. तासभर बोललो मी. पाणी विचारलं नाही. आत ये म्हणालो नाही. तू आपणच आलास शेवटी, खाली मान घालून. तेव्हापासून मला वाटतं, तू कधी आत आलाच नाहीस.”

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी कळ सोडली नव्हती.

“तुम्ही म्हणाल तसं.”

“आता म्हणतो,” बाबा म्हणाले. “आत ये.”

मग पावलं वाजली. जागच्या जागी पडणारी नव्हे. एक, दोन, तीन, पुढे पुढे, फरशीवरून टेबलापर्यंत. आईच्या बांगड्या वाजल्या, तिने बहुतेक कुणाच्या तरी डोक्यावरून हात फिरवला.

बस झालं, मी म्हटलं. जे ऐकायचं ते ऐकलं. मी कळीवरचं बोट उचललं.

पडद्यावर बोळ थांबला.

“चल, उशीर होतोय,” पलीकडे माझा आवाज म्हणाला, आणि बाबा घशात अडकल्यासारखे हसले, आणि आईने विचारलं, “कुठे निघालास रे, बस की अजून थोडा वेळ,” आणि तो बसला.